अठ्ठेचाळीस घरांची एक परसबाग

सोसायटीच्या सभेत ‘गच्चीवर भाजी लावू या’ असा विषय निघाला, की पहिला आक्षेप ठरलेला असतो: स्लॅब गळेल. दुसरा, डास होतील. तिसरा आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही, पण मनात बहुतेकांच्या असतो. पाणी आम्ही घालायचं आणि वांगी भलत्यानेच न्यायची! ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत अशी बाग चालवताना आणि मुलुंड, डोंबिवली, पुणे इथल्या गच्च्या पाहत हिंडताना माझं मत पक्कं झालं आहे. पहिल्या दोन आक्षेपांवर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. तिसऱ्याचं उत्तर मात्र बी टाकण्याआधी शोधावं लागतं. कीड लागल्यामुळे बंद पडलेली सामायिक बाग माझ्या पाहण्यात नाही. वाटपावरून बंद पडलेल्या आहेत.

स्लॅबचं आधी बोलू, कारण ती भीती खोटी नाही. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वजन येईल, असं आपल्याकडचं मानक धरतं. साधी बागेतली माती फूटभर जाडीने पसरली आणि ती पावसात भिजली, तर तेवढ्याच जागेवर पाचशे किलोंच्या पुढे वजन जातं. म्हणजे तिपटीहून जास्त. आमच्या तीन इमारती चार मजल्यांच्या, ऐंशीच्या दशकात बांधलेल्या, एकूण ४८ घरं. स्ट्रक्चरल इंजिनिअर आले तेव्हा त्यांनी गच्चीवर खडूने रेषा मारल्या. खालून बीम कुठून कुठे जातात ते दाखवलं आणि सांगितलं, वाफे या रेषांवर आणि कठड्याच्या कडेने ठेवा, मधल्या भागात नुसतं चालायचं. वाफे जमिनीला टेकवायचे नाहीत, खाली चार बोटं जागा सोडायची, म्हणजे पाणी तुंबत नाही आणि मुळं वॉटरप्रूफिंगपर्यंत पोचत नाहीत. शेवटी ते म्हणाले, “आणि मातीचं नाव काढू नका.”

मातीशिवाय भाजी कशी येणार, असं सभेत आठ-दहा जणांनी तरी विचारलं असेल. पण मुंबईत ही वाट आधीच पाडलेली होती. डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर उसाच्या चिपाडात भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली होती. रसवंतीवाला रोज रात्री पोती भरून टाकून देतो ती चिपाडं, त्यात थोडं कुजलेलं खत आणि वर मातीचा पातळ थर. ड्रम, टायर, प्लास्टिकच्या पिशव्या, मिळेल त्यात हे भरायचं. चिपाड हलकं असतं, पाणी धरून ठेवतं आणि कुजता कुजता स्वतःच खत होतं.

हीच दिशा धरून २००२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर बाग सुरू झाली. तिथल्या खानपान विभागाची जबाबदारी असलेल्या प्रीती पाटील यांच्यापुढचा प्रश्न मुळात बागेचा नव्हताच, कचऱ्याचा होता. कामगारांचं रोजचं जेवण शिजवणाऱ्या स्वयंपाकघरातून भाजीची देठं, सालं, चोथा ढिगाने निघतो. तो गाडीत भरून डेपोवर पाठवण्याऐवजी वर गच्चीवर गेला, तिथे त्याचं खत झालं आणि त्यावर उपाहारगृहातल्याच माणसांनी झाडं वाढवली. गोदीच्या भागात चिकू, पेरू, शेवगा! पुढे पाटील यांनी ‘अर्बन लीव्ह्ज’ हा गट उभा केला आणि एकमेकांना न ओळखणारी शहरी माणसं सुट्टीच्या दिवशी एकत्र येऊन हात काळे करू लागली.

या कामामागे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांचा विचार होता. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. ‘प्रयोग परिवार’ या नावाने त्यांनी शेतकऱ्यांची जी साखळी बांधली, तिची ओळख महाराष्ट्राला तासगावच्या द्राक्षांमुळे झाली. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात त्यांची मांडणी सापडते. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाने सुखाने जगावं, हा त्यांचा ध्यास. त्यांचं नाव शेतीच्या संदर्भात घेतलं जातं, पण मला त्यांच्या पद्धतीतला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. परिवारात कुणी तज्ज्ञ आणि बाकीचे ऐकणारे, अशी रचनाच नव्हती. प्रत्येकाने आपल्या बांधावर प्रयोग करायचा, मोजून पाहायचा आणि दुसऱ्याला कळवायचा. सोसायटीची बाग चालवायला याहून चांगली रीत मला माहीत नाही, कारण आपल्याकडे प्रत्येक मजल्यावर एक तज्ज्ञ असतो आणि चौथ्या सभेनंतर त्यातले निम्मे यायचे थांबतात.

दाभोलकरांचे शिष्य दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बजवाड्याला ‘अमृत माती’ची रीत बसवली. तिच्यातलं अमृत जल आम्ही अजून करतो. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस झाकून ठेवायचं, रोज ढवळायचं, मग दहापट पाणी घालायचं. त्यात वाळलेला पाला दिवसभर भिजवून थरावर थर रचले की कुजण्याला वेग येतो. पूर्ण रीतीने गेलं, म्हणजे त्या ढिगावर मिश्र बियाणं पेरून, उगवलेलं कापून पुन्हा त्यातच मिसळत गेलं, तर माती तयार व्हायला चार-साडेचार महिने लागतात. ही मुदत ऐकून ज्यांचा उत्साह मावळला, त्यांना थांबवायचा प्रयत्न आम्ही केला नाही.

आमची बाग खरं तर फाटकाजवळच्या तीन जाळीच्या पेट्यांत सुरू झाली. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायचा होता. आमचं आवार त्याहून लहान, त्यामुळे सक्ती नव्हती. ज्याला पटेल त्याने झाकणाची छोटी बादली घ्यायची, एवढंच ठरलं. सुरुवातीला अकरा घरांनी घेतली. चहाचा चोथा, केळीची सालं, अंड्यांची टरफलं, पालेभाजीची देठं. मे महिन्यात कलिंगडाची सालं आणि आंब्याच्या कोयी इतक्या येतात, की पेटीचा चिखल होतो आणि वास सुटतो. वासाला उपाय सुक्या पाल्याचा. एक बादली ओलं पडलं, की त्यावर दोन बादल्या पाला. तो कुठून आणायचा ही अडचण आमच्या रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षांनी सोडवली. एरवी कोपऱ्यात ढीग करून पेटवला जाणारा पाला आता पोत्यांत भरून आत येतो. पुण्यात अदिती देवधर यांच्या ‘ब्राउन लीफ’ने हेच काम शहरभर केलं. ज्यांच्या अंगणात पाला पडतो आणि ज्यांच्या बागेला तो हवा आहे, त्यांची गाठ घालून दिली.

पेटी नीट चालली आहे की नाही, हे हाताने कळतं. आतला मूठभर माल घट्ट दाबायचा. बोटांच्या फटीतून एखादा थेंब डोकावला तर ओल बरोबर. धार लागली तर पाला कमी पडला. हातात भुगा झाला तर पाणी शिंपडायचं. डिसेंबरातल्या सकाळी पेटी उकरली तर आतून वाफा येतात आणि मधल्या थरात हात फार वेळ ठेववत नाही. पहिल्या पावसाळ्यात त्यात करड्या, चपट्या अळ्या वळवळताना दिसल्या, तेव्हा दोन घरांनी बादल्या परत केल्या. त्या ‘सोल्जर फ्लाय’ नावाच्या माशीच्या अळ्या. ही माशी घरात येऊन अन्नावर बसत नाही आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात. बी विंगमधल्या एका वहिनींनी मुलांना जमवून भिंगातून त्या दाखवल्या. परत आलेल्या बादल्यांपैकी एक पुन्हा गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. बादल्या दारातून उचलून पेटीत रिकाम्या करणं, आठवड्यातून एकदा माल वरखाली करणं, तयार खताची पोती चार जिने चढवणं, ही कामं बऱ्याच सोसायट्यांत सफाई करणाऱ्या माणसाच्या गळ्यात बिनबोभाट पडतात आणि बागेचे फोटो दुसऱ्यांचे निघतात. आमच्याकडे पहिल्याच ठरावात त्या कामाचा वेगळा मोबदला लिहिला गेला आणि वाटपात सफाईच्या दादांचा हिस्सा धरला गेला. हा हिस्सा म्हणजे बक्षिशी नाही. बागेत सगळ्यात जड काम त्यांचं आहे आणि खत नीट झालं की नाही हे आमच्यापेक्षा त्यांना आधी कळतं.

कोणती भाजी लावायची यापेक्षा कधी लावायची, हे शहरातल्या बागेत जास्त महत्त्वाचं. इथली निम्मी घरं मे महिन्यात गावी जातात. कोकणात, साताऱ्याकडे, खानदेशात. नेमक्या त्याच महिन्यात गच्चीवर उन्हाचा मारा असतो आणि पाण्याचे टँकर सुरू झालेले असतात. त्या महिन्यात बाग जगवायची जिद्द धरणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या. उरलेल्या चार माणसांवर भार येतो आणि जूनमध्ये सगळे परततात तेव्हा त्यांच्यात बोलणं उरलेलं नसतं. आम्ही एप्रिलअखेर टोमॅटो, वांगी, मुळा, मेथी उरकतो, वाफ्यांवर पाल्याचं जाड आच्छादन टाकतो आणि मे महिनाभर वाफे पडीक ठेवतो. कढीपत्ता, शेवगा आणि गवती चहा एवढ्यांनाच ठिबकचं पाणी. मृग लागला की पेरणी.

मृगाची पेरणी एका दिवसासाठी असते म्हटलं तरी चालेल. भाद्रपदातली ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, नांगर न लावता आलेलं तेवढंच ताटात. ऋषीच्या भाजीसाठी बाजारात त्या दोन दिवसांत जे वाटे विकायला येतात, त्यांचे भाव ऐकून घरी परतलेल्या बायका माझ्या माहितीत आहेत. आणि गच्चीवर तर नांगर कधी चढलेलाच नाही! हे पहिल्यांदा लक्षात आलं तळमजल्यावरच्या आजींच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, माहेरी परड्यात हे सगळं पिकलेलं पाहिलेल्या. त्यांनी यादी सांगितली: अळू, लाल माठ, अंबाडी, पडवळ, शिराळी, भेंडी, लाल भोपळा, मक्याची कणसं. सुरणाला फार खोल जागा लागते म्हणून तो वगळला. तो अजून बाजारातूनच येतो. पडवळ आणि शिराळ्याचे वेल पाण्याच्या टाकीलगतच्या मांडवावर चढवले. अळू सांडपाण्याच्या पाइपाजवळ, जिथे कायम ओल असते तिथे. माठ महिन्याभरात तयार होतो म्हणून तो ऑगस्टात पेरायचा, बाकीचं जूनमध्ये.

त्या वर्षी ऋषिपंचमीच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर सतरंजी पसरून निवडणं चाललं होतं. अळूच्या देठांची सालं काढून हाताला खाज सुटलेली, कुणीतरी चिंचेचं पाणी आणलं, कुणी खोबरेल. पडवळ पाच हात लांब झालेलं, त्याचे तुकडे करायला दोघी बसलेल्या. मक्याची कणसं दाणे न भरताच खुडली गेली होती, कारण कबुतरांनी त्यांच्यावर डोळा ठेवला होता. भाजी वाटली तेव्हा प्रत्येक घराच्या वाट्याला एका वेळेच्या जेवणापुरती आली. ज्यांनी आजवर एक दिवसही गच्चीचा जिना चढला नव्हता, त्या घरांनाही. हा एक दिवस आमच्याकडे हिशेबाबाहेर आहे.

बाकीचे दिवस हिशेबाचे. घरटी कुंड्या वाटून देण्याची रीत काही ठिकाणी आहे. तिच्यात भांडण कमी, पण ती बाग सामायिक राहत नाही. चार कुंड्या भरभरून वाढलेल्या, शेजारी आठ वाळलेल्या, आणि वाळलेल्यांना हात लावायचा अधिकार कुणालाच नाही. दुसरी रीत, सगळं सगळ्यांचं. ऐकायला सर्वांत सुंदर हीच, आणि सर्वांत लवकर मोडतेही हीच. मुलुंडच्या एका इमारतीत पहिला दुधी कुणी नेला यावरून गच्चीला कुलूप लागलं आणि पुढे त्या कुलपाची किल्ली कुणाकडे, यावरून दोन विंगांत अबोला झाला. दुधीचा बाजारभाव तेव्हा तीस रुपये असेल.

आमच्याकडे वाफे सामायिक आहेत आणि आठवड्याचं काम वहीत लिहिलं जातं. रविवारी सकाळी काढणी होते, जिन्याखालच्या टेबलावर ताणकाट्यावर वजन होतं. ज्यांनी त्या आठवड्यात काम केलं त्यांनी आधी घ्यायचं. उरलेलं बाजारभावाच्या निम्म्याने कुणीही घ्यावं, पैसे डब्यात. डब्यातून बी, पाइप, निंबोळी अर्क येतो. कढीपत्ता, पुदिना, तुळस यांना हिशेब नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढं. काम म्हणजे काय, यावर मात्र पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. इमारतीला लिफ्ट नाही. सत्तरीच्या पुढची माणसं चार मजले चढून गच्चीवर जाऊ शकत नाहीत. काम म्हणजे वर येऊन घाम गाळणं एवढंच धरलं असतं, तर ज्यांना शेती खरी कळते तेच बाहेर राहिले असते. आता दुधाच्या पिशव्यांत रोपं तयार करणं, बी वाळवून राखेत ठेवणं, रविवारची मेथी निवडून देणं, वही सांभाळणं, हे सगळं काम म्हणून लिहिलं जातं. वांग्याची आणि मिरचीची सगळी रोपं तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीत वाढतात.

किडींबद्दल फार लिहीत नाही. भेंडीवर केवडा येतो, मिरचीवर चुरडा-मुरडा, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण वांग्यावर उतरतो. रोगट झाड लवकर उपटणं आणि दर वाफ्यात भाज्या मिसळून लावणं, यांचा उपयोग कुठल्याही अर्कापेक्षा जास्त होतो. डासांचं उत्तर आणखी सोपं: पाणी साठू द्यायचं नाही, कुंड्यांखाली ताटल्या ठेवायच्या नाहीत. गच्चीवरून ४८ घरांची रोजची भाजी पिकत नाही, हेही आधीच सांगून टाकलेलं बरं. कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, आठवड्यात एखादी पालेभाजी, पावसाळ्यात वेलभाज्या. तेवढं येतं, ताजं येतं, आणि बागेमुळे डेपोवर जाणारा कचरा जवळजवळ निम्मा झाला आहे.

सगळ्यात बिकट प्रश्न जागेचा. गच्ची सोसायटीच्या सगळ्या सभासदांची. एकट्यादुकट्याला ती अडवता येत नाही. म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. पण ठराव आज होतो तसा उद्या फिरतोही. जगभरच्या सामायिक बागा अशाच उसन्या जागेवर उभ्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या मित्रमंडळींनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला भूखंड साफ करून वाफे घातले. पुढच्या वर्षी शहराने तो महिना एक डॉलर भाड्याने दिला. त्यानंतर पडक्या भूखंडांवर अशा शेकडो बागा झाल्या. बागांमुळे वस्ती राहण्याजोगी झाली, जागांचे भाव चढले आणि १९९९ मध्ये शहराने त्यातल्या शंभरावर बागांचे भूखंड लिलावात काढले. आंदोलनं झाली, अभिनेत्री बेट मिडलर यांची संस्था आणि ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ यांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. जर्मनीने हे कायद्याने बांधून घेतलं आहे. तिथल्या छोट्या बागांसाठी १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे. भूखंड चारशे चौरस मीटरपर्यंत असावा हे त्यात लिहिलेलं आहे आणि त्याचा साधारण तिसरा हिस्सा भाजी-फळांना द्यावा लागतो. आपल्याकडे लोकलच्या खिडकीतून दिसणारे पालक-माठाचे वाफेदेखील रेल्वेने जमिनीवर अतिक्रमण होऊ नये म्हणून आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या तुकड्यांवरचे होते. रेल्वेला नवी मार्गिका टाकायची झाली की ते वाफे जायचे.

आमच्या दारात आता पुनर्विकास आला आहे. तीन इमारती पाडून एक उंच इमारत होणार. विकासकाशी करारावर बोलणी चालू आहेत आणि बाकी मागण्यांच्या यादीत, चटईक्षेत्र आणि कॉर्पस फंडाच्या खाली, बागेची एक मागणी आहे. विकासकाचे वास्तुविशारद म्हणाले, बाग पोडियमवर घ्या, तो स्लॅब मुळातच जास्त वजनाचा असतो, मातीचीही चिंता नाही. वजनाचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण पोडियमच्या पूर्वेला आणि दक्षिणेला उंच इमारती उभ्या राहणार आहेत. वांगी-टोमॅटोला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाजीला तीन-चार तास तरी हवं. आम्ही त्यांच्याकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत. पोडियमवर डिसेंबरात किती तास ऊन पडेल याचा सावलीचा आराखडा, आणि ते ऊन कमी असेल तर वरच्या गच्चीचा एक पट्टा बागेच्या वजनासाठी धरून केलेला स्ट्रक्चरल आराखडा, नळासकट, लिफ्ट गच्चीपर्यंत नेऊन. लिफ्टची मागणी तळमजल्यावरच्या आजींच्या नावाने लिहिली आहे. आराखडा अजून आलेला नाही. तो आल्याशिवाय करारावर सह्या करायच्या नाहीत, असा ठराव गेल्या सभेत ४१ मतांनी मंजूर झाला.